आभासी विश्वातील सराव

विमान चालवणे, दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करणे, देशाच्या सीमेवर येणाऱ्या अनोळखी प्रवाशाची चौकशी करणे किंवा आग लागलेल्या इमारतीतून माणसांना बाहेर काढणे, या कामांमध्ये एक अडचण समान असते. ती प्रत्यक्ष केल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत आणि अंगवळणी पडण्यापूर्वी ती कोणाच्या हाती सोपवता येत नाहीत. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे खरे असले, तरी या कामांत शिकाऊ माणसाच्या चुकीने बुडणारा बहुधा दुसराच कोणी असतो. शाळा-महाविद्यालयांत आणि नोकरीतील प्रशिक्षणात आभासी विश्वांचा वापर का सुरू झाला याचे उत्तर या पेचात आहे, आणि ज्यांनी हा पेच लक्षात न घेताच आभासी विश्वे उभारली त्यांचे प्रयत्न का फसले, हेही त्यावरूनच उलगडते.

आभासी विश्व म्हणजे संगणकाने निर्माण केलेले असे स्थळ, की ज्यात अनेक माणसे एकाच वेळी वावरू शकतात, एकमेकांशी बोलू शकतात, वस्तू हाताळू व बदलू शकतात, आणि एखादी व्यक्ती तेथून बाहेर पडली तरी ते स्थळ इतरांसाठी चालूच राहते. त्यात वावरणाऱ्या प्रत्येकाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या आकृतीला ‘अवतार’ म्हणतात. यापासून दोन शेजारच्या कल्पना वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. ‘सिम्युलेटर’ ही एका ठरावीक यंत्राची किंवा कामाची कृत्रिम प्रतिकृती असते, तिच्यात दुसऱ्या माणसाची सोबत असेलच असे नाही. तर ‘आभासी वास्तव’ हा शब्द प्रामुख्याने डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटमधून चहूबाजूंनी दिसणाऱ्या दृश्यासाठी वापरला जातो. आभासी विश्व साध्या पडद्यावरही असू शकते, किंबहुना पहिली विश्वे तर केवळ शब्दांची होती. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या ‘मड’ या खेळात चित्र नव्हते, दालनांची वर्णने आणि खेळाडूंनी टंकलेली वाक्ये एवढाच ऐवज होता, तरी त्या दालनांत आपण खरोखर हिंडत आहोत अशी भावना खेळणाऱ्यांना होत असे. या भावनेला अभ्यासक ‘उपस्थितीची जाणीव’ म्हणतात. ती चित्राच्या हुबेहूबपणावरच अवलंबून असते, हा समज त्या पहिल्या उदाहरणापासूनच अपुरा ठरला होता.

प्रशिक्षणाच्या बाजूने पाहिले तर परंपरा याहून जुनी आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता, आणि विमानोड्डाणाचे शिक्षण फार महाग पडते हे अनुभवलेल्या लिंकने ऑर्गनमध्ये हवा खेळवणारे भाते वापरून १९२९ च्या सुमारास एक लुटुपुटूचे विमान तयार केले. आखूड पंखांची ती निळी पेटी जमिनीवर खिळलेली असे, पण आत बसलेल्याने दांडा हलवला की ती कलत, वळत आणि नाक वर-खाली करत असे. प्रारंभी तिला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या उद्यानांत. फेब्रुवारी १९३४ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांची हवाई टपालाची कंत्राटे रद्द केली आणि ते काम लष्करी हवाई दलाकडे दिले. रात्री आणि खराब हवेत केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची सवय नसलेले सुमारे डझनभर वैमानिक अवघ्या काही आठवड्यांत मृत्युमुखी पडले, आणि त्याच वर्षी लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली आणि सुमारे पाच लाख वैमानिकांनी त्यांवर सराव केला.

या यंत्राची दोन वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहेत. पहिले असे की, शिकाऊ वैमानिक आत बसल्यावर वरचे झाकण लावले जाई आणि त्याला बाहेरचे काहीही दिसत नसे. आकाश, ढग, धावपट्टी यांचे कोणतेही चित्र नव्हते. दिसत होते ते फक्त उपकरणांचे काटे. धुक्यात उडताना वैमानिकाला जे दिसते आणि जे करावे लागते, नेमके तेच या यंत्रात होते आणि त्यापलीकडे काही नव्हते. दुसरे वैशिष्ट्य यंत्राबाहेर, शिक्षकाच्या टेबलावर होते. तेथे पसरलेल्या नकाशावर एक छोटे चाकांचे साधन सरकत जाई आणि शिकाऊ वैमानिकाच्या काल्पनिक उड्डाणाची रेघ शाईने उमटवत असे. सराव संपल्यावर गुरू आणि शिष्य दोघेही त्या रेघेवर वाकून वळण कोठे चुकले ते पाहू शकत. पुढील जवळजवळ शतकभरात संगणकाने जे जे आणले, त्यात या दोन गोष्टी जेथे टिकल्या तेथे प्रशिक्षण यशस्वी झाले, असे म्हणण्यास भरपूर आधार आहे.

त्यामागील तत्त्व मानसशास्त्रात त्याआधीच मांडले गेले होते. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये असे दाखवले की, एका कामात मिळवलेले कौशल्य दुसऱ्या कामात कितपत उपयोगी पडेल हे त्या दोन कामांमध्ये किती घटक समान आहेत यावर ठरते. या क्रियेला ‘प्रशिक्षणाचे संक्रमण’ म्हणतात. प्रश्न एवढाच उरतो की समान असावे लागणारे घटक कोणते: डोळ्यांना दिसणारे दृश्य, की हाताला आणि बुद्धीला करावी लागणारी कृती?

या प्रश्नाकडे लक्ष न देता जी घाई झाली तिचे ठळक उदाहरण म्हणजे ‘सेकंड लाइफ’. फिलिप रोझडेल यांच्या लिंडन लॅब या कंपनीने जून २००३ मध्ये खुल्या केलेल्या या विश्वात खेळाचे उद्दिष्ट ठरवून दिलेले नव्हते. रहिवाशांनी स्वतःच इमारती, वस्तू आणि व्यवहार निर्माण करावेत अशी कल्पना होती, आणि जमिनीच्या तुकड्यांसाठी कंपनी दरमहा भाडे घेत असे. २००६ ते २०१० या काळात शेकडो विद्यापीठांनी तेथे ‘बेटे’ घेतली. त्यांपैकी अनेकांनी तेथे काय बांधले, तर आपल्याच प्रत्यक्ष आवाराची प्रतिकृती: तोच दरवाजा, तेच घड्याळाचे मनोरे, तेच सभागृह, आणि सभागृहात रांगेने मांडलेल्या खुर्च्यांवर बसून पडद्यावरील स्लाइड पाहणारे अवतार. प्रत्यक्ष वर्गातील सर्वांत दुबळी पद्धत तेथे अधिक खर्चाने आणि अधिक तांत्रिक अडथळ्यांसह पुन्हा उभी करण्यात आली होती. उद्घाटनाचा सोहळा झाल्यावर यांतील बरीच आवारे ओस पडली, आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते, कारण दृश्य हुबेहूब असले तरी तेथे करण्यासारखे काही नव्हते.

त्याच सेकंड लाइफमध्ये, त्याच काळात, कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या बेलव्हिल गावच्या लॉयलिस्ट कॉलेजने मात्र वेगळा मार्ग धरला. तेथे सीमाशुल्क आणि सीमासेवेचा अभ्यासक्रम चालत असे. पूर्वी या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी प्रत्यक्ष सीमानाक्यावर जाऊन अधिकाऱ्यांच्या सोबतीने काम पाहत असत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर सुरक्षेचे नियम कडक झाले आणि ही सोय बंद झाली. वर्गात दोन विद्यार्थ्यांपैकी एक प्रवासी आणि एक अधिकारी होऊन तसा अभिनय करून पाहत असे, पण रोज शेजारी बसणाऱ्या मित्राला कडक आवाजात पारपत्र मागताना दोघांनाही हसू येणार हे उघड आहे. कॉलेजने २००७ मध्ये सेकंड लाइफमध्ये एक सीमानाका बांधण्यास घेतला. त्यात रस्ता, तपासणीची खोपटी, रांगेने येणाऱ्या गाड्या आणि गणवेशातील अधिकाऱ्याचा अवतार होता. विद्यार्थी आळीपाळीने खोपटीत उभा राही आणि समोर गाडी थांबली की नागरिकत्व, प्रवासाचे कारण, सोबतचा माल यांविषयी प्रश्न विचारून त्या प्रवाशाला सोडायचे की पुढील तपासणीसाठी बाजूला घ्यायचे, हा निर्णय काही क्षणांत घेई. गाडीतील अवतारामागे खरा माणूस बोलत असे. तो घाबरत असे, चिडत असे, उत्तर टाळत असे, आणि पुढचे वाक्य काय येईल हे विद्यार्थ्याला ठाऊक नसे. बाकीचा वर्ग ही चौकशी मोठ्या पडद्यावर पाहत असे आणि ती संपल्यावर तिची चर्चा होत असे.

कॉलेजने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, चौकशीच्या कौशल्याच्या परीक्षेतील यशाचे प्रमाण २००७ मधील ५६ टक्क्यांवरून २००८ च्या अखेरीस ९५ टक्क्यांवर गेले. हा आकडा गेली अनेक वर्षे उत्साहाने उद्धृत केला जातो, परंतु तो जपून वाचला पाहिजे. तुलना दोन वेगवेगळ्या वर्षांच्या तुकड्यांमध्ये होती, विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलेले नव्हते, आणि नव्या उपक्रमात शिक्षक अधिक झटून शिकवतात हा परिणामही वेगळा काढता येत नाही. तरीही या प्रयोगाचे महत्त्व उणे होत नाही. ते चित्र आजच्या मापाने अगदीच ओबडधोबड होते. गाड्या खेळण्यातल्यासारख्या दिसत आणि अवतारांचे चेहरे निर्विकार असत. जे खरे होते ते म्हणजे अनोळखी माणसाला प्रश्न विचारण्याचा संकोच, त्याच्या उत्तरातील विसंगती पकडण्याची धडपड आणि मागे रांग वाढत असताना निर्णय घेण्याचा ताण. कृतीचे साम्य होते, म्हणून दृश्यातील उणीव अडली नाही.

शालेय शिक्षणात याच जातीचे काम हार्वर्ड विद्यापीठातील क्रिस डीडी यांच्या गटाने ‘रिव्हर सिटी’ या विश्वाद्वारे केले. एकोणिसाव्या शतकातील एका काल्पनिक अमेरिकन शहरात आजार पसरले आहेत. त्यांतील एक पाण्यातून, एक कीटकांमुळे आणि एक माणसाच्या संसर्गातून फैलावतो, पण हे विद्यार्थ्यांना सांगितलेले नसते. तीन-चार जणांच्या तुकड्यांनी त्या शहरात हिंडायचे, रहिवाशांना विचारायचे, पाण्याचे नमुने तपासायचे, वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा येऊन फरक नोंदवायचा आणि मग एक गृहीतक मांडायचे. यापुढचा टप्पा फार विचारपूर्वक आखलेला होता: तुकडीला शहराच्या दोन आवृत्त्या मिळत, ज्यांत केवळ एक घटक बदललेला असे, आणि दोहोंतील रुग्णसंख्येची तुलना करून गृहीतक तपासावे लागे. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय याची व्याख्या पाठ करणारी मुले अनेक असतात; संपूर्ण शहरावर नियंत्रित प्रयोग करून त्याचा निष्कर्ष नगराध्यक्षांना पत्राने कळवण्याची संधी प्रत्यक्ष जगात कोणत्याही शाळेला देता येणार नाही.

दृश्य आणि कृती यांतील फरकाचा सर्वांत स्वच्छ पुरावा शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातून मिळतो. येल विद्यापीठात नील सेमूर, अँथनी गॅलघर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सोळा शिकाऊ शल्यविशारदांचे यदृच्छेने दोन गट पाडण्यात आले. एका गटाने नेहमीचे शिक्षण घेतले, दुसऱ्याने त्याखेरीज ‘मिस्ट’ नावाच्या संगणकीय सिम्युलेटरवर सराव केला, आणि नंतर सर्वांनी पित्ताशय काढण्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली. ध्वनिचित्रफिती तपासणाऱ्यांना कोण कोणत्या गटातील हे ठाऊक नव्हते. सिम्युलेटरवर सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के अधिक वेगाने केले, तर सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच ऊती भाजण्याची शक्यता पाचपट होती. विशेष हे की ‘मिस्ट’च्या पडद्यावर पित्ताशय दिसतच नव्हते. तेथे गोल आणि चौकोन यांसारख्या भौमितिक आकृत्या होत्या, ज्या लांब दांड्यांच्या अवजारांनी पकडायच्या, हलवायच्या आणि ठरावीक ठिकाणी डागायच्या असत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील खरी अडचण अवयव ओळखण्याची नसून, हात एका बाजूला नेला की अवजाराचे टोक उलट बाजूला जाते आणि सपाट पडद्यावर खोली कळत नाही, ही असते. सिम्युलेटरने तेवढीच अडचण उचलली होती. शिवाय सराव ठरावीक तासांचा नव्हता. अनुभवी शल्यविशारदांनी त्याच यंत्रावर मिळवलेली पातळी गाठेपर्यंत प्रत्येकाने तो करायचा होता. प्रशिक्षण तासांत मोजण्याऐवजी पातळीत मोजण्याची ही पद्धत यंत्राइतकीच, कदाचित यंत्राहूनही अधिक, त्या निकालाला कारणीभूत असावी.

याउलट टोकाचा अनुभव हेडसेटच्या युगाने दिला. कोपनहेगन विद्यापीठातील गिडो माक्रान्स्की आणि अमेरिकेतील रिचर्ड मेयर यांनी सहकाऱ्यांसह ५२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात प्रयोगशाळेची एकच आभासी प्रतिकृती साध्या पडद्यावर आणि हेडसेटमध्ये दाखवण्यात आली. हेडसेटमध्ये विद्यार्थ्यांना उपस्थितीची जाणीव अधिक झाली, पण ते शिकले मात्र कमी. मेंदूतील विद्युतक्रियेच्या नोंदींवरून असे दिसले की हेडसेटमधील विद्यार्थ्यांवर आकलनाचा ताण अधिक पडत होता. एका वेळी मनावर पडणाऱ्या माहितीच्या ओझ्याला ‘आकलनभार’ म्हणतात, आणि मनाला पेलता येणाऱ्या या ओझ्याला मर्यादा असते. भोवतालचे नवल न्याहाळण्यात त्या मर्यादेचा मोठा भाग खर्ची पडला तर शिकण्यासाठी थोडेच उरते. जोसेलिन पॅरॉंग आणि मेयर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानवी शरीराविषयीचा धडा हेडसेटपेक्षा साध्या स्लाइडवरून अधिक चांगला शिकला गेला. मात्र आभासी धड्याच्या प्रत्येक भागानंतर विद्यार्थ्यांना थांबवून त्याचा सारांश लिहायला लावल्यावर हेडसेटमधील शिकणे सुधारले. लिंकच्या टेबलावरील शाईची रेघ आणि हा सारांश यांचे काम एकच आहे. अनुभवातून बाहेर येऊन त्याकडे पुन्हा पाहण्याच्या या टप्प्याला प्रशिक्षणशास्त्रात ‘पश्चात उजळणी’ म्हणता येईल, आणि खर्चात काटछाट होते तेव्हा सर्वांत आधी हाच टप्पा गाळला जातो.

उद्योगजगताने या साधनांकडे वळण्याची कारणे अर्थातच केवळ शैक्षणिक नव्हती. आयबीएमने २००८ मध्ये आपल्या तंत्रज्ञ-अकादमीची परिषद सेकंड लाइफमध्ये भरवली आणि प्रवास व वेळ वाचून सुमारे ३ लाख २० हजार डॉलरचा लाभ झाल्याचा अंदाज मांडला. परंतु ती सभा होती, प्रशिक्षण नव्हे. वॉलमार्टने २०१८ मध्ये अमेरिकेतील आपल्या दुकानांसाठी १७ हजार हेडसेट देण्याचे जाहीर केले. त्यांवर सराव करायच्या प्रसंगांपैकी सणासुदीच्या खरेदीची झुंबड वर्षातून एकदाच येते आणि त्यामुळे तिचा सराव इतर दिवशी करता येत नाही, हे लक्षात घेतले तर त्या वापरात तथ्य आहे. हेडसेट मात्र केवळ दाखवत नाही, तो पाहतही असतो: नजर कोठे रेंगाळली, हात किती अडखळला, निर्णयाला किती वेळ लागला, याची नोंद होत राहते. वॉलमार्टने पुढे याच साधनाचा उपयोग बढतीसाठी उमेदवारांचे मूल्यमापन करतानाही केला. सरावाची जागा ही चुका करण्याची जागा असते, आणि तेथील चुका बढतीच्या कागदपत्रांत जाणार असतील तर कामगार चूक करून पाहण्याचे धाडस करणार नाही. सरावाची नोंद आणि मूल्यमापनाची नोंद यांच्यात भिंत असणे ही प्रशिक्षणाची पूर्वअट आहे.

आणखी एक प्रश्न मालकीचा आहे. लिंडन लॅब शैक्षणिक आणि विनानफा संस्थांना भाड्यात निम्मी सवलत देत असे. ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीने जाहीर केले की जानेवारी २०११ पासून ही सवलत बंद होईल. संपूर्ण बेटाचे पूर्ण भाडे दरमहा २९५ डॉलर होते. वर्षानुवर्षे खपून बांधलेले अभ्यासाचे साहित्य त्या बेटावर होते आणि ते उचलून दुसरीकडे नेणे सोपे नव्हते. काही शिक्षकांनी ‘ओपनसिम्युलेटर’ या मुक्त स्रोत प्रणालीकडे स्थलांतर केले, काहींनी उपक्रमच थांबवले. २०१३ मध्ये सवलत पुन्हा सुरू झाली, पण तोवर बहर ओसरला होता.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध दोन ठिकाणी स्पष्ट दिसतो. कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे व्यापारी जहाजांवर जात आली आहेत, आणि खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात १९९५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने जहाजावरील अधिकाऱ्यांसाठी रडारचे शिक्षण सिम्युलेटरवर घेणे बंधनकारक केले, त्यामुळे मुंबई परिसरातील सागरी प्रशिक्षण संस्थांमध्ये ही साधने फार पूर्वीच रुळली. दुसरे ठिकाण म्हणजे केंद्र सरकारचा ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ हा प्रकल्प, ज्यात आयआयटी मुंबई आणि पुण्याचे सीओईपी (पूर्वीचे अभियांत्रिकी महाविद्यालय) सहभागी आहेत, तसेच सी-डॅक मुंबई आणि अमृता विद्यापीठ यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले ‘ओलॅब्ज’. काटेकोर व्याख्येने ही आभासी विश्वे नव्हेत. त्यांत अवतार नाहीत आणि सोबतीही नाहीत. पण साध्या संगणकावर, साध्या ब्राउझरमध्ये विद्यार्थी तापमान बदलतो, वाचन घेतो, चुकतो आणि पुन्हा करतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांपासून वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत आज हेडसेटची खरेदी करू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेने विक्रेत्याला दृश्य किती सुंदर आहे हे विचारण्याआधी, शिकणाऱ्याला त्यात कोणता निर्णय स्वतः घ्यावा लागतो हे विचारावे, आणि अंदाजपत्रकात यंत्राच्या किमतीशेजारी सरावानंतर विद्यार्थ्यासोबत बसणाऱ्या शिक्षकाच्या तासांचा खर्च लिहावा. तो रकाना रिकामा राहणार असेल तर खरेदी पुढे ढकलणे श्रेयस्कर आहे.